उणे ११० अंशांत तीन मिनिटं

मागच्या अंकात फ्रोझन शोल्डरबद्दल लिहिताना मी ओघात सर्वांग क्रायोथेरपीचा उल्लेख केला होता, जेमतेम एका वाक्यात. पण मूळ लेखापेक्षा त्या वाक्यावरच जास्त पत्रं आली. म्हणून या वेळी सगळी जागा त्यांनाच.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : उणे ११० ते उणे १४० अंश सेल्सिअस इतक्या थंड, कोरड्या हवेत जवळपास उघड्या अंगाने दोन ते तीन मिनिटं उभं राहायचं आणि बाहेर यायचं. याचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे खोली. तिच्यात माणूस डोक्यासकट आत जातो. दुसरा म्हणजे उभं पिंप. त्यात मान आणि डोकं बाहेर राहतं आणि खाली द्रवरूप नायट्रोजनची वाफ सोडतात. पुढची उत्तरं वाचताना हा फरक लक्षात असू द्या, शेवटच्या पत्रात तर सगळं त्यावरच अवलंबून आहे.

प्रश्न : ताई, मी ५४ वर्षांची शिक्षिका आहे. ११ वर्षांपासून आमवात आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे. सकाळी तास-दीड तास बोटं वळत नाहीत, पहिल्या तासाला खडू धरता येत नाही. मुलीने माझ्यासाठी क्रायोथेरपीच्या दहा सत्रांचे पैसे भरून ठेवले आहेत. जाऊ का? आणि गुण आला तर गोळ्या कमी करता येतील का?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यात चूक झाली तर ती भरून निघत नाही. गोळ्या कमी करायच्या नाहीत. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. मेथोट्रेक्सेट त्या हल्ल्याला आवर घालतं, थंडी फक्त दुखण्याला. दुखणं शमलं आणि आत हल्ला चालूच राहिला, तर सांधा झिजत राहतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. माझ्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक बाई येत असत. बर्फाच्या शेकाने आराम पडतो म्हणून त्यांनी आठ महिने गोळ्या बंद ठेवल्या होत्या. परत आल्या तेव्हा चारही बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती आणि कात्रीच्या कडीत अंगठा जात नव्हता. आराम पडला होता हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. म्हणून तर मला ते इतकं लागलं.

आता पहिला प्रश्न. तुमचा आजार आणि हा उपचार यांचं नातं जुनं आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये डॉ. यामाउची यांनी अतिथंड हवेची ही पद्धत सुरू केली ती आमवाताच्याच रुग्णांसाठी. खेळाडू आणि सौंदर्याचा बाजार त्यात पुष्कळ नंतर आला. ती पुढे युरोपात गेली आणि जर्मनी, पोलंड, फिनलंडमध्ये पुनर्वसन केंद्रांत रुजली. फिनलंडमध्ये आमवाताच्या रुग्णांवर सर्वांग क्रायोथेरपी आणि फक्त दुखऱ्या सांध्यावरचा थंड उपचार यांची तुलना झाली. दुखणं सगळ्यांचंच कमी झालं, उणे ११० अंशांच्या गटात अधिक. पण आजाराच्या जोरात गटागटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. मुलीला एवढंच सांगा : दुखण्यावर चालतं, आजारावर चालतं असं दिसलेलं नाही.

मी स्वतः आत गेले आहे, चार वेळा. ज्या गोष्टीत रुग्णाला पाठवायचं ती आधी स्वतःच्या अंगावर घ्यायची, हा माझा नेम आहे. लोकरी पट्टी कानांवरून ओढून घेतली, हातमोजे, जाड कोरडे मोजे, लाकडी तळाच्या सपाता, नाकातोंडावर मास्क. आधी उणे ६० अंशांची लहान खोली, तिथे अर्धा मिनिट, मग आतलं दार. आत धुकं असतं. पहिल्या दहा सेकंदांत काही वाटत नाही, कारण हवा कोरडी असते आणि अजिबात हलत नाही. मग मांड्यांच्या पुढच्या बाजूला सुया टोचू लागतात. हातावरची लव पांढरी झालेली मला मास्कवरून दिसत होती. बाहेर उभी असलेली मदतनीस काचेतून माझ्याकडे बघत सेकंद मोजत होती आणि मला बोलतं ठेवत होती. अडीच मिनिटांनी बाहेर आले तेव्हा त्वचा लालभडक झाली होती, अंगभर झिणझिण्या आणि मागोमाग उबेची लाट. माझा उजवा गुडघा जिना उतरताना जुन्या दुखापतीमुळे बोलतो. तो त्या दुपारी दीड तास गप्प होता. मग पुन्हा बोलू लागला.

हा दीड तास मला महत्त्वाचा वाटतो. थंडीने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, मज्जातंतूंतून वेदनेचा संदेश धीम्या गतीने जातो, स्नायूंचा ताठरपणा सैलावतो. माझ्या रुग्णांत हा परिणाम साधारण तास-दोन तास टिकलेला मी पाहिला आहे. त्या वेळात घरी जाऊन पडून राहिलात तर हाती काही उरत नाही. पोलंडमधल्या केंद्रांत चेंबरमधून बाहेर आलेल्या रुग्णाला लगेच व्यायामाला नेतात, कारण एरवी दुखतं म्हणून न वळणारा सांधा तेव्हा वळवता येतो. थंडी वेळ मिळवून देते, काम व्यायाम करतो.

म्हणून जायचं ठरलं तर सत्र अशा ठिकाणी घ्या जिथे तुमचा फिजिओथेरपिस्ट जवळ आहे, किंवा निदान व्यायाम तरी आधी शिकून जा. जाण्यापूर्वी मूठ वळा आणि बोटांची टोकं तळव्यातल्या आडव्या रेषेपासून किती लांब राहतात ते दुसऱ्या हाताच्या बोटांनी मोजा : एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. बाहेर आल्यावर पुन्हा मोजा. लगेच हात कोमट पाण्यात न घालता आधी पाच-सात मिनिटं चालून अंग आपोआप गरम होऊ द्या, मग बोटांचे व्यायाम वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा आणि वहीत लिहा. दहा सत्रांनंतर सकाळचा आकडा हललेला नसेल, तर त्या पैशांत आणखी भर घालू नका. माझ्या अनुभवात ज्यांचा आकडा हलला ती सगळी माणसं व्यायाम करणारी होती.

एक गोष्ट मात्र जाण्याआधी तपासलीच पाहिजे. थंड पाण्यात हात घातला की तुमची बोटं पांढरी पडतात का, मग निळी, मग लाल? याला रेनॉडचा विकार म्हणतात आणि तो आमवाताच्या सोबतीला असू शकतो. तो असेल तर हा उपचार तुमच्यासाठी नाही. मुलीला वाईट वाटेल, वाटू द्या. रक्तदाबही मोजून घ्या. आत गेल्यावर तो काही काळ चढतोच, त्यामुळे मुळात ताब्यात नसलेला रक्तदाब घेऊन आत जायचं नाही. सहा महिन्यांच्या आत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असलेले, थंडीने अंगावर गांधी उठणारे, गरोदर स्त्रिया, या कुणीच जाऊ नये.

प्रश्न : तीन मिनिटांत ५०० ते ८०० कॅलरी जळतात असं केंद्रात सांगितलं. माझं वजन ६० किलो आहे. चालायला वेळ मिळत नाही, म्हणून हा मार्ग बरा वाटतो.

उत्तर : आपण मिळून हिशेब करू. माणसाच्या शरीराचं एक किलो वजन एका अंशाने तापवायला साधारण ०.८३ किलोकॅलरी लागते. म्हणजे तुमचं सगळं शरीर, काळीज, यकृत, हाडं धरून, पूर्ण एका अंशाने थंड झालं आणि ते पुन्हा गरम करायचं म्हटलं तरी ५० किलोकॅलरी पुरतात. आणि तीन मिनिटांत आतलं तापमान एक अंशही उतरत नाही. थंड होते ती मुख्यतः त्वचा. हवा उष्णता फार हळू ओढते, पाणी तिच्यापेक्षा सुमारे २५ पट वेगाने. म्हणून तर उणे ११० अंशांच्या हवेत माणूस तीन मिनिटं सुखरूप उभा राहू शकतो. त्यानंतर थोडं कुडकुडलात तर आणखी थोडी भर पडेल, पण ५०० चा आकडा कुठूनही निघत नाही. ५० किलोकॅलरी म्हणजे तुमच्या वजनाला पाव तासाचं चालणं. केंद्रात जाण्यायेण्याचा वेळ तुम्ही काढणारच होता, तोच चालायला द्या.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. १९ वर्षं मधुमेह आहे. तळपायांची आग होते, रात्री झोप नाही. थंडीने आग शमेल म्हणून क्रायोथेरपीला न्यावं असं वाटतं. साखर आता बऱ्यापैकी ताब्यात आहे.

उत्तर : नेऊ नका. वडिलांसाठी तुमचा जीव तुटतो हे पत्रात दिसतं, म्हणून ‘नाही’ म्हणून पान उलटत नाही, कारण सांगते.

त्यांना आज रात्री पलंगावर बसवा, डोळे मिटायला सांगा आणि कापसाच्या बोळ्याचं टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याला, करंगळीला, टाचेला हळूच लावा. कुठे लावलं ते विचारा. जुन्या मधुमेहात आग होणारा पाय पुष्कळदा त्याच वेळी बधिरही असतो. हे दोन्ही एकाच पायात कसं, असं वाटेल, पण खराब झालेला मज्जातंतू खोटे संदेश पाठवतो आणि खरे गाळतो. अशा पायाला हिमदंश होऊ लागला तर तो ओरडणार नाही.

२०११ मध्ये अमेरिकेचा धावपटू जस्टिन गॅटलिन दक्षिण कोरियातल्या डेगूच्या जागतिक मैदानी स्पर्धेला पायांवर हिमदंशाच्या जखमा घेऊन उतरला होता. क्रायोचेंबरमध्ये जाताना त्याचे मोजे घामाने ओले होते, एवढंच कारण. त्वचेवरचा ओलावा त्या थंडीत गोठतो. जगातल्या सर्वांत वेगवान पायांपैकी ते पाय, शाबूत मज्जातंतूंचे, तरी ही गत. आणि तुमच्या वडिलांच्या पायाला जखम झाली तर ती भरायला रक्तपुरवठाही कमी असतो. मधुमेही पायाची एक न भरणारी जखम काय काय घेऊन जाते ते मी इथे लिहीत नाही.

जळजळीवर मज्जातंतूंसाठीची वेगळी औषधं आहेत, वेदनाशामक गोळ्यांपेक्षा निराळी. डॉक्टरांना ‘पाय दुखतात’ असं न सांगता ‘रात्री आग होते, झोप लागत नाही’ असं नेमकं सांगा. आणि त्याच भेटीत पायाची संवेदना नायलॉनच्या तंतूने तपासून मागा, पाच मिनिटांची तपासणी आहे.

प्रश्न : वय २९. दीड वर्ष नैराश्याची गोळी घेतोय. मित्राच्या आग्रहाने चार वेळा क्रायोथेरपी केली. बाहेर आल्यावर संध्याकाळपर्यंत डोकं स्वच्छ असतं, बऱ्याच दिवसांनी भूक लागली. मित्र म्हणतो गोळी सोड, हेच कर. हा नुसता भास आहे का?

उत्तर : भास नाही. तुझ्या वयाचा मुलगा ‘भूक लागली’ असं लिहितो तेव्हा ती बातमी मोठी असते, मला ती वाचून बरं वाटलं.

फिनलंडमध्ये काही निरोगी स्त्रियांना १२ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा उणे ११० अंशांत दोन मिनिटं उभं केलं आणि रक्त तपासलं. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन प्रत्येक वेळी दोन ते तीन पटीने वाढलं, आणि बाराव्या आठवड्यातही तसंच वाढत राहिलं. सावधपणा, तरतरी, लक्ष लागणं यांत या रसायनाचा वाटा असतो. एंडॉर्फिन, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं ते वेदनाशामक, मात्र वाढलं नाही, जरी सगळीकडे त्याचंच नाव घेतलं जातं. दुसऱ्या एका गटातल्या बायका त्याच काळात बर्फगार पाण्यात २० सेकंद उतरत होत्या. त्यांचंही नॉरअ‍ॅड्रेनॅलिन तसंच वाढलं.

पोलंडमध्ये नैराश्याच्या रुग्णांवर प्रयोग झाले आहेत, लहान आहेत पण नीट केलेले. त्यातल्या एकात तुलनेच्या गटालाही थंड खोलीत पाठवलं, फक्त उणे ५० अंशांच्या. दहा सत्रांनंतर अतिथंडीच्या गटाची लक्षणं जास्त उतरली. मित्राला यातली एक गोष्ट मुद्दाम सांग : तिथे थंडी औषधोपचाराच्या जोडीला दिली होती. गोळी सोडून केल्यावर काय होतं याचं उत्तर त्या प्रयोगात नाही, आणि गोळी एकदम तोडल्यावर काय होतं ते तुझ्या डॉक्टरांनी पाहिलेलं असतं.

तेव्हा सत्रं चालू ठेव, गोळीही चालू ठेव, आणि डॉक्टरांना दोन्ही सांग. मानसोपचाराची काही औषधं शरीराचं तापमान राखण्याचं काम मंद करतात, तुझं त्यात आहे का ते तेच सांगतील. ती स्वच्छ संध्याकाळ फोनवर घालवू नकोस. दीड वर्षात राहून गेलेलं एखादं लहान काम त्या वेळेला ठेव, एखाद्याला भेटणं ठेव. आणि कधी जगणंच नकोसं वाटलं, तर पुढच्या सत्राची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, एकटा राहू नकोस.

प्रश्न : मी एका वेलनेस केंद्रात काम करते. आमच्याकडे नायट्रोजनवर चालणारं मशीन आहे, डोकं बाहेर राहतं ते. रात्री सगळे गेल्यावर केंद्र बंद करायचं काम माझ्याकडे असतं. अंग ठणकतं म्हणून कधी कधी शेवटी मीच आत उभी राहते, बटण आतूनच दाबते. मला संधी मिळते आहे तर याचा फायदा होईल का, एवढंच विचारायचं होतं. नाव छापू नये.

उत्तर : फायद्याचं नंतर. आज रात्री आत उभी राहू नका. एकटीने कधीच नाही, ‘फक्त एक मिनिट’ही नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात अशाच एका केंद्रात काम करणारी २४ वर्षांची मुलगी काम संपल्यावर एकटी मशीनमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी ती मृतावस्थेत सापडली. मृत्यू ऑक्सिजन न मिळाल्याने झाला होता. तुमचं पत्र वाचताना माझ्या डोळ्यांपुढून ती जात नव्हती.

नायट्रोजन विषारी नाही, आपल्या हवेत तो ७८ टक्के असतोच. धोका असा की तो ऑक्सिजनची जागा घेतो. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो आणि त्याच्या एका लिटरपासून सुमारे ७०० लिटर वायू तयार होतो. तुमची खोली तीन मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच असेल आणि दहा लिटर द्रव त्या बंद खोलीत वाफ होऊन पसरला, तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास येतो. पिंपाच्या आत तर तो याहून कितीतरी खाली असतो, म्हणून डोकं वर ठेवायचं. थंड वायू जड असल्याने खाली साचतो. चक्कर येऊन गुडघे वाकले, किंवा पडलेला मोजा उचलायला तुम्ही वाकलात, की तोंड थेट त्यात जातं.

आणि जीव घुसमटत नाही. श्वास कोंडल्याची भावना येते ती कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. इथे तो साठत नाही, तुम्ही नेहमीसारखा श्वास घेत राहता, आणि ऑक्सिजन खूपच कमी असेल तर दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. ‘त्रास वाटला तर बाहेर येईन’ हा हिशेब म्हणूनच चालत नाही.

उद्या कामावर गेल्यावर भिंतीवर ऑक्सिजनची पातळी दाखवणारं यंत्र आहे का ते बघा. पातळी १९.५ टक्क्यांखाली गेली की त्याचा भोंगा वाजायला हवा. यंत्र नसेल, किंवा उगाच वाजतं म्हणून कुणी बंद करून ठेवलं असेल, तर त्या खोलीत एकटीने थांबू नका, साफसफाईलाही नाही. खोलीला बाहेरची हवा आत आणणारा पंखा आहे का, टाकी कुठे ठेवली आहे, वाफ बाहेर जायला नळी आहे का, हे मालकांना लेखी विचारा. कुणी आत कोसळलेलं दिसलं तर धावत आत शिरू नका. दारं उघडा, मदत बोलवा, पुरवठ्याचा झडप-नळ बाहेरून बंद करता येत असेल तर तो आधी बंद करा. वाचवायला गेलेला माणूसही त्याच हवेत श्वास घेतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्येच सांगितलं होतं की उपचार म्हणून यातल्या एकाही यंत्राला त्यांनी मान्यता दिलेली नाही, आणि धोक्यांच्या यादीत गुदमरणं होतं. ग्राहकांना याची कागदावर सही घेऊन माहिती दिली जाते. दिवसभर त्या हवेत वावरणाऱ्या तुम्हाला कुणी दिली आहे का?

अंग ठणकण्याबद्दल : दिवसभर उभं राहून पोटऱ्या आणि कंबर दुखत असेल, तर पाय भिंतीला टेकवून दहा मिनिटं उताणं पडा, घोटे वरखाली हलवत राहा, आणि कामाच्या मधे तासाला एकदा दोन मिनिटं बसायची मुभा मागा. स्नायू दुखण्यावर या थंड हवेचा उपयोग किती, हे २०१५ मध्ये कॉक्रेन या, उपचारांवरचे सगळे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी तपासलं तेव्हा त्यांच्या हाती चार लहान प्रयोग लागले. एकूण ६४ माणसं, त्यांत स्त्रिया फक्त चार. उपयोग होतोच असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही.

तुमचं नाव छापलेलं नाही, केंद्राचंही नाही. मालकांनी लेखी काय उत्तर दिलं ते मला मासिकाच्या पत्त्यावर कळवा. पुढच्या अंकापर्यंत थांबू नका, मी तुम्हाला थेट उत्तर लिहीन.